वही मिटता यावी म्हणून: मार्गदर्शित रोजनिशीच्या ॲपची आखणी

मानसिक स्वास्थ्यासाठी रोजनिशीचे ॲप करायला घेणारे बहुतेक जण कोऱ्या पानाची भीती घालवण्यापासून सुरुवात करतात, आणि त्यामुळे सगळी मेहनत पहिल्या स्क्रीनवर खर्ची पडते: सौम्य रंग, मनःस्थिती दाखवणारे चेहरे, दिवसाचा सुविचार. वास्तविक मन भरून आलेल्या माणसाला नेमका प्रश्न विचारला तर तो लिहितोच. अवघड असते ते त्यानंतरचे. पंधरा मिनिटे मनातले उपसून झाल्यावर ते सगळे खाली ठेवून त्याला झोपायला जाता आले पाहिजे. म्हणून आखणीला बसताना मी आधी शेवटची स्क्रीन ठरवतो आणि मग मागे मागे येत पहिल्या प्रश्नापाशी पोहोचतो.

लिहिण्याने काय होते

आखणीपूर्वी या विषयावरचे संशोधन थोडे तरी वाचलेले असावे, कारण त्यातून निघणाऱ्या सूचना बाजारातल्या रूढ समजुतींपेक्षा बऱ्याच वेगळ्या आहेत. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले. क्लेशदायक प्रसंगातली हकीकत आणि त्याबद्दलच्या भावना असे दोन्ही ज्यांनी लिहिले, ते लिहून उठताना इतरांपेक्षा अधिक खिन्न होते. पुढच्या सहा महिन्यांत मात्र आरोग्यकेंद्रातल्या त्यांच्या फेऱ्या कमी भरल्या. आखणी करणाऱ्याने यातले पहिले अर्धे वाक्य विसरू नये. लिहून झाल्याबरोबर माणसाला बरे वाटेलच असे नाही, आणि तसे आश्वासन देणारे ॲप त्याला वर अपयशाचीही भावना देते.

या प्रयोगाच्या वाटेने पुढे पुष्कळ काम झाले. २००६ साली जोआन फ्रातारोली यांनी १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा सरासरी परिणाम अनुकूल निघाला, पण लहान. त्यामुळे ॲपच्या वर्णनात 'उपचार' हा शब्द वापरू नये. 'आधार' म्हणावे आणि त्या शब्दाइतकेच काम करावे. आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. जोडीदारापासून नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांना डेव्हिड स्बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहायला लावले (हे काम २०१३ साली प्रसिद्ध झाले), तेव्हा जे आधीपासूनच 'असे का झाले' याचा अर्थ शोधण्यात गुंतलेले होते, त्यांची स्थिती भावना उपसून लिहिल्यामुळे उलट बिघडलेली दिसली. दिवसभरात काय काय केले एवढेच कोरडेपणाने लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे राहिले. मराठीत याला तेच ते उगाळत बसणे म्हणतात. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी नैराश्य लांबवणारी सवय म्हणून याच गोष्टीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. चंदन उगाळले की सुगंध सुटतो, दुःख उगाळले की ते फक्त वाढते, आणि ॲपची आखणी चुकली तर आपण माणसाच्या हाती एक सहाणच देत असतो.

एका बैठकीची रचना

एक बैठक बारा ते पंधरा मिनिटांत संपावी आणि तिच्यात पाचांपेक्षा जास्त प्रश्न नसावेत. खाली एक बैठक पूर्ण उलगडून दाखवतो. समजा, एका माणसाने वरिष्ठांना महत्त्वाचा मेल पाठवला, दोन दिवस उत्तर नाही, आणि रात्री साडेदहाला तो ॲप उघडतो.

पहिली पायरी भावनेला नाव देण्याची. पाच हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची ओळ यासाठी अपुरी पडते, कारण चिडलेला आणि खचलेला माणूस त्यात एकाच चेहऱ्यावर बोट ठेवतो. जेम्स रसेल यांनी १९८० साली मांडलेली दोन अक्षांची रचना इथे उपयोगी पडते: एका अक्षावर सुखद ते असुखद, दुसऱ्यावर शांत ते उत्तेजित. माणसाने चौकोनात बोट टेकवावे आणि त्या भागाला शोभणारे सहा-सात शब्द समोर यावेत. आपला माणूस 'असुखद आणि उत्तेजित' या कोपऱ्यात बोट ठेवतो, त्याला धास्ती, चिडचिड, घालमेल, अपमान असे शब्द दिसतात आणि तो 'घालमेल' निवडतो. नाव देणे हाच एक छोटा उपाय आहे. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ सालच्या प्रयोगात, भावनेला शब्दाने ओळखताना मेंदूतील अमिग्डालाचा, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाचा, प्रतिसाद मंदावलेला आढळला.

दुसरा प्रश्न घटनेचा: 'काय घडले? कॅमेऱ्यात टिपता आले असते तेवढेच लिहा.' तो लिहितो, 'साहेबांनी मुद्दाम माझ्या मेलकडे दुर्लक्ष केले.' इथे ॲपने त्याला दुरुस्त करू नये. पुढच्या स्क्रीनवर त्याचे वाक्य तसेच दाखवून एवढेच विचारावे, 'यातला कोणता शब्द कॅमेऱ्याला दिसला नसता?' 'मुद्दाम' या शब्दावर त्याचे बोट गेले की अर्धे काम झाले. ॲरन बेक यांच्या बोधात्मक उपचारपद्धतीत विचारांची नोंद ठेवण्याचा जो तक्ता वापरतात, त्याचाच हा सौम्य अवतार आहे. मूळ तक्ता पाच-सात रकान्यांचा असतो आणि तो भरायला समुपदेशकाकडून शिकून घ्यायचा असतो; रात्री एकट्या माणसाला फोनच्या पडद्यावर तो भरायला लावणे म्हणजे आयकराचा अर्ज पुढे करण्यासारखे आहे. एका स्क्रीनवर एकच रकाना ठेवावा.

तिसरा प्रश्न असा: 'त्या क्षणी मनात नेमके कोणते वाक्य आले?' उत्तर येते, 'माझी इथे कोणाला किंमत नाही.' हे वाक्य बैठकीचे मर्म असते आणि इथेच ॲपने घाई करू नये. 'सकारात्मक विचार करा' हा सल्ला यावेळी दिला, तर माणूस ॲप बंद करतो आणि त्याचे बरोबरच असते.

चौथ्या प्रश्नात अंतर निर्माण करायचे असते. ईथन क्रॉस आणि ओझलेम आयदुक यांच्या कामातून असे दिसते की स्वतःच्या प्रसंगाकडे थोडे दूर उभे राहून, बघ्याच्या जागेवरून पाहिले, तर 'का' हा प्रश्नही इतका बोचत नाही. म्हणून विचारावे, 'हेच तुमच्या जिवाभावाच्या माणसाच्या वाट्याला आले असते आणि त्याने तुम्हाला हे वाक्य ऐकवले असते, तर तुम्ही त्याला काय सांगितले असते?' अनेकांना इथे स्वतःच्याच उत्तराचे आश्चर्य वाटते. उत्तर लिहायचे नसेल तर पुढे जाण्याचे बटण मात्र ठळक असावे, कारण काही दिवशी माणसाला स्वतःशी प्रेमाने बोलता येत नाही आणि तशी सक्ती क्रूर ठरते.

आता शेवट. 'यातले आज रात्री काही करण्याजोगे आहे का?' या प्रश्नाला दोनच पर्याय द्यावेत. 'आहे' म्हटले तर ते आत्ता करावे, एका ओळीत. 'नाही' म्हटले तर पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली विशद केलेली जर-तरची योजना मागावी: केव्हा, कुठे आणि काय करायचे ते एका वाक्यात. आपला माणूस लिहितो, 'उद्या अकरापर्यंत उत्तर आले नाही, तर मी स्वतः जाऊन विचारीन.' हे वाक्य मोठ्या अक्षरांत पडद्यावर राहते, बाकीचा मजकूर मिटतो आणि खाली एकच बटण उरते: 'वही मिटा'. ते दाबल्यावर त्याच बैठकीचा मजकूर सकाळपर्यंत पुढे येऊ नये. शोधून काढायचा म्हटला तर तो मिळेल, पण आपण होऊन तो समोर आणू नये. बटणाशेजारी 'आणखी एक नोंद', 'आजचा आलेख पाहा', 'मित्राला सांगा' यांपैकी काहीही ठेवण्याचा मोह टाळावा. व्यवस्थापनाकडून तशी मागणी येणार हे निश्चित आहे.

पेनेबेकरांचा अनुभव ध्यानात घेऊन, जड विषयावर लिहिले असेल तर शेवटी एक साधे वाक्य घालावे: 'अशा लेखनानंतर तासभर मन जड राहू शकते.' त्याने माणूस घाबरत नाही. स्वतःच्या अवस्थेवर संशय घेणे मात्र थांबवतो.

मराठीतले प्रश्न

इंग्रजीत लिहिलेले प्रश्न मराठीत उतरवून घेतले की ॲप मराठी होत नाही. 'का' हा शब्द घ्या. 'तुम्हाला असे का वाटते?' हे वाक्य मराठी कानाला जाब विचारल्यासारखे लागते, आणि आधीच अपराधी वाटणारा माणूस त्यावर सफाई देऊ लागतो. 'कशामुळे', 'कोणत्या क्षणी', 'नेमके काय' अशी सुरुवात केली की तोच प्रश्न चौकशीचा न राहता विचारपूस होतो.

लिंगाचा प्रश्न त्याहून किचकट आहे. 'तू आज थकलास का?' असे लिहिले की निम्मे वाचक बाहेर राहतात, आणि 'थकला/थकली' अशी तिरपी रेघ ओढली की वाक्याला सरकारी अर्जाची कळा येते. वाक्यच फिरवावे: 'थकवा जाणवतो आहे का?', 'आज मन कशात रमले?', 'काय करावेसे वाटले नाही?' मराठीत भावना बहुधा माणसाला 'होते' किंवा 'वाटते', त्यामुळे 'मला... वाटते आहे' हा साचा कोणालाही चालतो आणि भावना म्हणजेच मी अशी गल्लतही होत नाही. 'तू' की 'तुम्ही' हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे. यंत्राने एकेरीवर येणे काहींना जवळिकीचे वाटते, तर काहींना उद्धटपणाचे, आणि कोणाला काय वाटेल हे आधी ओळखता येत नाही.

भावनांच्या शब्दांची यादी करताना शब्दकोश समोर ठेवू नये, बोलणारी माणसे ठेवावीत. 'विषण्णता' कोणी निवडत नाही. 'कशातच लक्ष लागत नाही', 'जीव घाबरा होतो', 'उगाच रडू येते', 'आतून पोकळ वाटते' हे निवडतात. रुखरुख, हुरहूर, खंत यांतला फरक मराठी माणसाला न शिकवता कळतो, तेव्हा हे तिन्ही शब्द 'दुःखी' या एका खणात कोंबू नयेत. टंकलेखन अनेकांना जाचक वाटते, म्हणून बोलून लिहिण्याची सोय हवी. मात्र आवाजाचे मजकुरात रूपांतर फोनवरच होते की बाहेरच्या सर्व्हरवर, हे वापरणाऱ्याला स्पष्ट सांगावे. ओळींमधले अंतर थोडे जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

जिवावरचे विचार दिसले तर

मजकुरातून धोक्याचे शब्द हुडकणारी यंत्रणा बसवली की जबाबदारी संपली, असे मानणे घातक आहे. मराठी माणूस 'उकाड्याने जीव नकोसा झाला' आणि 'हसून हसून मेलो' असे दिवसातून दहादा म्हणतो, आणि खरोखर कडेलोटावर उभा असलेला माणूस 'आता कोणाला त्रास द्यायचा नाही' असे लिहितो, ज्यात धोक्याचा एकही शब्द नसतो. शब्दशोध ठेवावा, पण तो दुय्यम. मदतीचे बटण प्रत्येक स्क्रीनवर, एकाच जागी, लिहिताना कीबोर्ड उघडा असतानाही दिसेल असे असावे आणि ते इंटरनेटशिवाय चालावे.

शंका आली तर ॲपने सरळ विचारावे, 'जीव देण्याचे विचार मनात येत आहेत का?' असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. उत्तर 'हो' आले तर लिखाण अडवू नये, मजकूर पुसू नये आणि लाल चौकटीत भाषण देऊ नये. ज्याने धीर करून लिहिले, त्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखे ते होते. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी विकसित केलेली सुरक्षितता योजना इथे पुढे यावी, पण ती भरलेली असली तर. म्हणून बऱ्या दिवशी, पहिल्या आठवड्यातच ती भरून घ्यावी: धोक्याच्या खुणा कोणत्या, स्वतःला सावरायला एकट्याने काय करता येते, मन दुसरीकडे वळवणारी माणसे आणि ठिकाणे कोणती, मदत मागता येईल अशी माणसे कोण, कोणत्या व्यावसायिकाला किंवा मदतवाहिनीला फोन करायचा, आणि घातक साधने आवाक्याबाहेर कशी ठेवायची. मदतवाहिन्यांचे क्रमांक देशानुसार ठेवावेत आणि ते दर महिन्याला प्रत्यक्ष फोन लावून तपासण्याचे काम एका नावाच्या व्यक्तीकडे असावे. बंद पडलेला क्रमांक मुळीच नसलेल्या क्रमांकापेक्षा वाईट.

हे लेखन कोणी वाचत नसेल, तर तसे पहिल्याच दिवशी आणि साध्या शब्दांत सांगावे. 'आम्ही तुमच्यासोबत आहोत' असे लिहिणारे ॲप पलीकडे कोणीतरी जागे असल्याचा भास निर्माण करते. याच कारणाने पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली विचार न करता जोडू नये. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, तिचे गुण ० ते २७ असतात आणि तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. ती रोज विचारणे निरर्थक आहे, आणि नवव्या प्रश्नाला आलेल्या उत्तराचे पुढे काय करायचे हे ठरलेले नसेल तर ती विचारणेच गैर आहे. संगणकाने रचलेली उत्तरे द्यायची असतील, तर त्याला फक्त मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलेल्या प्रश्नांतून पुढचा प्रश्न निवडू द्यावा. मोकळ्या गप्पांत असे यंत्र माणसाच्या प्रत्येक निराश निष्कर्षाला मान डोलावू लागते.

कुलूप

फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या साखळीतून रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० साली खंडणीखोराने आधी कंपनीकडे, मग थेट रुग्णांकडे पैसे मागितले. समुपदेशनाच्या बैठकांतली टिपणे तिथे एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे किल्लीविना वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात न बदलता, पडून होती. या प्रकारातून घ्यायचा धडा असा की जो मजकूर आपल्या सर्व्हरवर वाचता येण्याजोग्या रूपात नाही, तो आपल्याकडून चोरीला जाऊ शकत नाही. नोंदी मूळात फोनवरच, एन्क्रिप्ट करून ठेवाव्यात आणि किल्ली फोनच्या सुरक्षित कप्प्यात असावी. दुसऱ्या फोनवर त्या न्यायच्या असतील, तर सर्व्हरवरून फक्त कुलूपबंद पेटी जावी. याची किंमत अशी की पासवर्ड विसरला आणि पुनर्प्राप्तीचा कोडही हरवला, तर आपणही काही करू शकत नाही. ही गोष्ट नियमावलीच्या अकराव्या पानावर न पुरता नोंदणीच्या वेळीच सांगावी.

गळती मात्र बहुतेक वेळा भिंतीतून होत नाही, खिडक्यांतून होते. ॲप बंद पडल्यावर जाणाऱ्या तांत्रिक अहवालात नोंदीचा मजकूर अडकून जातो. अलीकडच्या ॲपांच्या यादीत अर्धवट नोंदीचे चित्र दिसते. ते झाकण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, ती चालू करावी. कीबोर्ड आपण टाइप केलेले शब्द शिकतो आणि दुसऱ्याच दिवशी कार्यालयाच्या संदेशात 'जगण्यात' नंतर 'अर्थ नाही' सुचवतो. अँड्रॉइड ८ पासून लेखनाच्या चौकटीवर 'इथले शिकू नको' अशी खूण लावता येते, मात्र ती विनंती आहे आणि प्रत्येक कीबोर्ड ती मानेलच असे नाही. सर्वांत मोठी खिडकी जाहिरातीच्या आणि मोजमापाच्या आयत्या एसडीकेंची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी तयार करून दिलेल्या, ॲपमध्ये जोडायच्या कोडच्या संचांची. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने वापरकर्त्यांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट आदींना दिल्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. असल्या एसडीके या ॲपमध्ये घेऊच नयेत. मोजणी करायचीच तर स्वतःची आणि मजकुराला स्पर्श न करणारी करावी.

आठवण आणि मोजमाप

मानसिक स्वास्थ्याच्या ९३ ॲपांच्या वापराची पाहणी अमित बाउमेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. तीत तिसाव्या दिवशीही ॲप उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ३.३ टक्के होते. हा आकडा पाहून लगेच सलग दिवसांची माळ, पदके आणि 'तुमची माळ तुटली' असे संदेश सुचतात. ज्या आठवड्यात माणूस अंथरुणातून उठू शकला नाही, त्याच आठवड्यात ॲप त्याला गैरहजेरी दाखवते. शिवाय रोज लिहिणे हेच हिताचे असे सिद्ध झालेले नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या कामात कृतज्ञतेच्या गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. माळेऐवजी महिन्यातल्या नोंदींची संख्या दाखवावी, आणि दोन आठवड्यांनी परतणाऱ्याला 'कुठे होता?' न विचारता थेट आजचा प्रश्न द्यावा.

आठवणीची वेळ वापरणाऱ्याने ठरवावी आणि कुलूपबंद पडद्यावरचा मजकूर शेजारी बसलेल्याने वाचला तरी चालेल असा असावा: 'पाच मिनिटे आहेत का?' 'आज उदास वाटते आहे का?' असा नको. 'गेल्या वर्षी याच दिवशी' अशा जुन्या नोंदी आपोआप वर आणू नयेत. त्या तारखेला कोणाचे काय गेले होते हे यंत्राला कळत नाही.

यश मोजताना ॲपमध्ये घालवलेली मिनिटे धरली, तर आखणी हळूहळू उगाळण्याकडे झुकते. त्यापेक्षा सुरू झालेल्या बैठकींपैकी किती 'वही मिटा' पर्यंत पोहोचल्या, कोणत्या प्रश्नावर माणसे सोडून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलेल्या एका ओळीच्या प्रश्नाला काय उत्तर आले, हे पाहावे. बैठकीनंतर लगेच मन विचारून उपयोग नाही. ते जड असणारच. एखाद्याच्या सलग पाच-सहा नोंदी त्याच प्रसंगावर, त्याच शब्दांत येत असतील, तर फोनवरच हे ओळखून ॲपने वेगळा मार्ग सुचवावा: आज या विषयावर न लिहिता दिवसातल्या साध्या घडामोडी लिहा, किंवा ही नोंद समुपदेशकाला दाखवण्यासाठी बाजूला ठेवा. चाचणीच्या काळात मानसोपचारतज्ज्ञ सोबत असावा आणि कोणाची स्थिती बिघडल्यास चाचणी कधी थांबवायची हे आधीच लिहून ठेवलेले असावे.

शेवटी, बाहेर पडण्याचे दार. खाते बंद करण्याचे बटण तीन पायऱ्यांच्या आत सापडले पाहिजे, सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये घेता आल्या पाहिजेत, आणि राखीव प्रतींतूनही त्या किती दिवसांत पुसल्या जातील हा आकडा त्याच स्क्रीनवर असावा. 'खरेच जायचे आहे का?' असे विचारू नये.